पांढरी पाच, पांढरी सात, काळी दोन

आमच्या संगीत मंडळाने साउंडची स्वतःची सामग्री घेतली, तेव्हा ती चालवणार कोण या प्रश्नावर बैठकीत फारसा खल झाला नाही. मी संवादिनी वाजवतो, स्वयंपाकघरातला मिक्सर उघडून दुरुस्त करतो आणि कार्यक्रमाला वेळेआधी पोहोचतो, एवढ्या पात्रतेवर ते काम माझ्या गळ्यात पडले. सामग्रीत बारा चॅनेलचा अॅनालॉग मिक्सर, स्टँडवरचे दोन स्पीकर, कलाकारांना स्वतःचे गाणे-वाजवणे ऐकू यावे म्हणून दोन मॉनिटर स्पीकर, चार शुअर एसएम५८ माइक आणि एकतीस स्लायडरांचा दुहेरी ग्राफिक इक्वलायझर, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंतच्या आवाजाचे एकतीस भाग वेगवेगळे कमी-जास्त करणारे यंत्र, होता. या इक्वलायझरची वरची ओळ सभागृहाच्या स्पीकरांसाठी आणि खालची मॉनिटरांसाठी जोडलेली होती. मिक्सरचे बाकीचे भाग मला आठवडाभरात समजले, परंतु या एकतीस स्लायडरांशी जुळवून घ्यायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी दोन्ही ओळींतले डावीकडचे आणि उजवीकडचे स्लायडर वर चढवले आणि मधले खाली ओढले. घरच्या म्युझिक सिस्टीमवर असा हसऱ्या तोंडाचा आकार केला की गाणी भरदार वाटतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. रिकाम्या सभागृहात मोबाइलवरचे गाणे लावून पाहिले तेव्हा ते खरोखरच छान वाजले. बुवा गायला बसले आणि पहिल्याच आलापात मॉनिटर घुमू लागला. आवाज वाढवला की घुमायचा आणि कमी केला की शब्द कळायचे नाहीत. मध्यंतरात बुवांनी मला बोलावून अत्यंत सौम्यपणे सांगितले, "अहो, माझा आवाज मला डब्यातून आल्यासारखा येतोय. मी गातोय ते मला ऐकू येऊ द्या, एवढंच करा." मी उरलेला कार्यक्रम मॉनिटर जवळजवळ बंद ठेवून पार पाडला.

माणसाच्या गळ्यातून निघणाऱ्या शब्दांचा अर्थ बहुतांशी ज्या पट्ट्यात असतो, तोच मी खाली ओढला होता, हे मला तेव्हा कळले नव्हते. व्यंजनांची धार साधारण दोन हजार ते पाच हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, दरम्यान असते. मी ती बोथट केली, वर खर्जाकडची बाजू दहा डेसिबलने फुगवली आणि मग शब्द उमटत नाहीत म्हणून एकूण आवाज वाढवला. दहा डेसिबल चढवणे म्हणजे त्या भागात अॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागणे होय, हे गणित मी कॉलेजात शिकलो होतो, पण स्लायडरला हात लावताना ते आठवले नव्हते.

पुढच्या कार्यक्रमाला मी गावातल्या एका जुन्या साउंडवाल्या काकांना शेजारी बसवून घेतले. त्यांनी आल्या आल्या माझे सगळे स्लायडर शून्यावर आणले आणि तीस मिनिटे इक्वलायझरकडे पाहिलेसुद्धा नाही. तेवढ्या वेळात त्यांनी माइक हलवले. गायकाचा माइक हनुवटीपासून हातभर लांब होता, तो त्यांनी चार बोटांवर आणला. अंतर निम्मे झाले की माइकमध्ये शिरणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे तेवढा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) मिक्सरवर कमी करता येतो आणि शिट्टीचा, म्हणजे फीडबॅकचा, धोका तेवढाच मागे हटतो. मॉनिटर गायकाच्या उजव्या मांडीपाशी तिरका ठेवलेला होता, तो त्यांनी माइकच्या बरोबर पाठीमागे नेला, कारण एसएम५८ सारखा कार्डिऑइड माइक पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. सुपरकार्डिऑइड माइक असता तर मॉनिटर पाठीमागून थोडा बाजूला सरकवावा लागला असता, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. निवेदकाने जाळी मुठीत धरली की माइकचा हा सगळा गुण नाहीसा होतो आणि तो चारही बाजूंनी ऐकू लागतो. मला तर तेव्हापासून जाळी मुठीत धरणारा निवेदक दिसला की हात आपोआप मिक्सरवरच्या फेडरकडे, म्हणजे त्याच्या माइकचा आवाज कमी करणाऱ्या दांडीकडे, जातो. वापरात नसलेले दोन माइक त्यांनी बंद केले, कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी मिळणारी सवड तीन डेसिबलने कमी होते.

"आधी माइक हलव, मग माणूस हलव, मग मॉनिटर हलव. एवढं करून काही उरलं तर त्या यंत्राला हात लाव," असे काका म्हणाले. त्या दिवशी जे उरले ते फक्त एका ठिकाणचे घुमणे होते. काकांनी क्षणभर कान दिला आणि एक स्लायडर चार डेसिबल खाली घेतला. घुमणे थांबले. मी विचारले, "काका, तोच स्लायडर हे कसं कळलं?" त्यांचे उत्तर होते, "चाळीस वर्षं ऐकतोय रे." उत्तर खरे होते, पण माझ्या उपयोगाचे नव्हते.

शिट्टी म्हणजे काय हे तत्त्वतः मला ठाऊक होते. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि एखाद्या कंपनसंख्येला ही फेरी पूर्ण करताना आवाज घटण्याऐवजी वाढत असेल आणि तो योग्य लयीत परत येत असेल, तर तीच एक कंपनसंख्या स्वतःला पोसत राहते. शिट्टीला म्हणूनच नेहमी एक निश्चित सूर असतो. सूर ओळखण्याचे तर मी लहानपणापासून शिकत आलो होतो. तरीही शिट्टी वाजली की मला हर्ट्झ आठवायचे नाहीत, घबराटीत चारपाच स्लायडर खाली ओढले जायचे, आणि त्यांतल्या एखाद्याने शिट्टी थांबली तरी उरलेल्यांनी आवाजाचा जीव काढून घेतलेला असायचा.

वाट सापडली ती घरी रियाज करताना. संवादिनीच्या सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या आम्ही डावीकडून मोजून पांढरी एक, काळी एक अशा नावांनी ओळखतो. पांढरी सहाचा सूर ४४० हर्ट्झ धरला, तर संवादिनीच्या प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या काढता येते. एक सप्तक वर गेले की संख्या दुप्पट होते आणि सप्तकात बारा पट्ट्या असतात. आता एकतीस स्लायडरांच्या इक्वलायझरमध्ये एका सप्तकात तीन स्लायडर बसवलेले असतात, म्हणजे दोन स्लायडरांमध्ये काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्यांचे अंतर पडते. मी वही काढली आणि आकडे मांडले. पांढरी सात २४७, ४९४, ९८८ आणि १९७६ अशी चढत जाते, आणि माझ्या इक्वलायझरवर २५०, ५००, १००० आणि २००० असे स्लायडर आहेत. काळी दोन ३११, ६२२, १२४५, २४८९ अशी जाते, तर स्लायडर ३१५, ६३०, १२५० आणि २५०० वर आहेत. पांढरी पाच ३९२, ७८४, १५६८, ३१३६ अशी जाते, तर स्लायडर ४००, ८००, १६०० आणि ३१५० वर आहेत. एकतीसच्या एकतीस स्लायडर या तीनच सुरांच्या वेगवेगळ्या सप्तकांतल्या जागा होत्या. इतके दिवस मी ज्या यंत्राला परके समजत होतो, ते संवादिनीच्या तीन पट्ट्यांवर बसलेले निघाले, याचा मला त्या रात्री झालेला आनंद अजून आठवतो. पत्नीला उठवून सांगितले, तर तिने "बरं" म्हणून कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी इक्वलायझरच्या कडेला पेन्सिलीने खुणा केल्या. पुढचे सहा महिने रोज पंधरा मिनिटांचा रियाज ठरवला. मोबाइलवरून कोणत्याही कंपनसंख्येचा शुद्ध सूर वाजवता येतो. तो वाजवायचा, डोळे मिटून जवळची पट्टी शोधायची आणि मग आकडा पाहायचा. सूर लवकर जुळू लागला, पण सप्तक चुकत राहिले. संवादिनीच्या सुरात अनेक उपसूर मिसळलेले असतात आणि शिट्टीच्या सुरात ते जवळजवळ नसतात, त्यामुळे ५०० आणि १००० यांत माझी कितीतरी वेळा फसगत झाली. यावर स्वरांचा उपाय लागू पडला. २५० च्या आसपासचा आवाज कानाला 'ऊ' सारखा लागतो, ५०० चा 'ओ' सारखा, हजाराचा 'आ' सारखा, दोन हजारांच्या पुढे 'ए' आणि तीन-चार हजारांपाशी 'ई'. आधी बाराखडीने सप्तक ठरवायचे आणि मग संवादिनीच्या पट्टीने स्लायडर, अशी माझी पद्धत बसली. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारी अॅप्स मिळतात आणि पडताळणीसाठी मी त्यांतले एक आजही वापरतो. परंतु भर कार्यक्रमात मोबाइलच्या पडद्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष गायकाकडे राहत नाही, हेही मी अनुभवले आहे.

तेव्हापासून मॉनिटरची तयारी मी एकाच क्रमाने करतो. सर्व स्लायडर शून्यावर ठेवून गायकाचा माइक त्याच्या जागी उभा करतो आणि मॉनिटरचा आवाज अगदी सावकाश वाढवत नेतो. एका टप्प्यावर बोललेल्या शब्दामागे एक बारीक शेपटी रेंगाळू लागते. ती शिट्टी होण्याआधीच ओळखायची आणि तो एकच स्लायडर तीन डेसिबल खाली घ्यायचा. पुन्हा आवाज वाढवायचा, दुसरी शेपटी ऐकायची, तिचा स्लायडर खाली घ्यायचा. तीन किंवा चार जागा कापून झाल्या की मी थांबतो, कारण त्यानंतर नव्या शेपट्या एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी उगवू लागतात आणि कापण्याने पदरात काहीच पडत नाही. मग मॉनिटरचा आवाज त्या टोकापासून सहा डेसिबल खाली आणून ठेवतो. गायक माइकच्या आणखी जवळ झुकला, किंवा त्याने हात वर केला आणि मॉनिटरचा आवाज तळव्यावरून परतून माइकमध्ये आला, तर तेवढी सवड हाताशी असावी लागते.

ही पद्धत हाती आल्यावर माझ्याकडून जी चूक झाली, ती अज्ञानाच्या काळातल्या चुकांपेक्षा मोठी होती. एका मंगल कार्यालयात काळी एकला षड्ज धरून गाणाऱ्या एका गायकांचे गाणे होते. फरशीची जमीन, गिलाव्याच्या भिंती आणि वर पत्रा, असे ते सभागृह होते. टाळी वाजवली की तिचा नाद दोनअडीच सेकंद फिरत राहायचा आणि तो मुख्यतः 'ऊ' आणि 'ओ' यांच्या मधला होता. मी सभागृहाच्या ओळीतले २५० आणि ३१५ हे दोन्ही शेजारचे स्लायडर सहा-सहा डेसिबल खाली ओढले. घुमणे कमी झाल्यासारखे वाटले आणि मी स्वतःवर खूश झालो. गाणे सुरू झाले. तबलजींनी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला षड्जाला लावला, तो पुढे जाऊन ऐकला तर सुरेल होता आणि स्पीकरमधून लाकडासारखा कोरडा येत होता. गायक तार षड्जावर पोहोचले की आवाज चढण्याऐवजी आत गेल्यासारखा व्हायचा. मी वीस मिनिटे माइक, केबल आणि गेन तपासत राहिलो.

नंतर वहीतला तक्ता पाहिला तेव्हा उलगडा झाला. काळी एकचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा आणि तार षड्ज २७७ चा. पांढरी सात आणि काळी दोन यांच्या बरोबर मध्ये काळी एक येते, म्हणजे २५० आणि ३१५ या दोन स्लायडरांच्या मधोमध. शेजारचे दोन स्लायडर एकत्र ओढले की त्यांच्यामध्ये जे सापडते ते सर्वांत जास्त दबते. मी नेमका त्या मैफलीचा षड्ज कापून ठेवला होता, तोही गायकाचा, तंबोऱ्याचा आणि तबल्याचा एकाच वेळी. विशेष म्हणजे खोलीचा घुमारा काही गेला नव्हता. खोलीत आवाज किती वेळ फिरतो हे पत्रा, गिलावा आणि फरशी ठरवतात आणि इक्वलायझर ती वेळ एका क्षणानेही कमी करत नाही. तो फक्त त्या भागात खोलीला कमी आवाज पुरवतो. आता अशा ठिकाणी मी स्पीकर श्रोत्यांच्या जवळ आणतो, त्यांची तोंडे भिंतींऐवजी माणसांकडे वळवतो, एकूण आवाज कमी ठेवतो, सतरंज्यांची मागणी करतो आणि मग एखादाच स्लायडर दोनतीन डेसिबल खाली घेतो.

शिवाय रिकाम्या सभागृहात केलेली योजना भरलेल्या सभागृहात तशीच टिकत नाही. माणसे आणि त्यांचे कपडे मधला आणि वरचा आवाज पुष्कळ शोषतात, खर्जाकडचा त्या मानाने कमी. सायंकाळी पाच वाजता कर्कश वाटलेले ३१५० साडेसातला दोनशे माणसे बसल्यावर नेमके हवे तेवढेच उरते, आणि ते आधीच कापून ठेवले असेल तर शब्द पुसट होतात. कानाच्या नळीचा स्वतःचा नाद तीन हजारांच्या आसपास असल्यामुळे हा भाग रिकाम्या सभागृहात अधिकच टोचतो आणि हात तिकडे लवकर जातो. दुपारी त्या स्लायडरला हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

प्रत्येक माइकच्या चॅनेलवरचा इक्वलायझर हे वेगळे काम आहे, हे मला उशिरा उमगले. मॉनिटरच्या आणि सभागृहाच्या ओळींवर जे करायचे ते स्पीकर आणि जागा यांच्यासाठी असते, चॅनेलवर जे करायचे ते त्या गळ्यासाठी किंवा वाद्यासाठी. गायकाचा माइक चार बोटांवर आणला की खर्जाकडचा आवाज फुगतो, हा त्या माइकचा धर्मच आहे, आणि तो फुगवटा चॅनेलवरच थोडा उतरवला की सभागृहाचे स्लायडर मोकळे राहतात. ८० हर्ट्झखालचे गाळणारे बटण मी गायकाच्या चॅनेलवर निःशंकपणे दाबतो. सुरुवातीला मला भीती वाटे की काळी एकचा खर्जातला षड्ज ६९ हर्ट्झचा असल्यामुळे तो निघून जाईल. प्रत्यक्षात त्या सुराचे वरचे उपसूर शाबूत असतात आणि कान त्यांवरून मूळ सूर स्वतःच भरून घेतो. स्टेजच्या लाकडावर पडणारी पावले आणि माइकवर आपटणारा श्वास मात्र जातो. डग्ग्याच्या चॅनेलवर ते बटण मी दाबत नाही.

संवादिनीचा माइक मी स्वतः वादक असूनही सर्वांत जास्त काळ चुकीचा लावत होतो. तो भात्यासमोर असायचा, त्यात हवेचा फुसफुसाट यायचा आणि मी तो दोन हजारांच्या वर कापत बसायचो, त्यामुळे पेटी कांबळ्यात गुंडाळल्यासारखी वाजायची. माइक वरून पट्ट्यांकडे तिरका केला आणि चॅनेलवरची सगळी बटणे मधोमध आणून ठेवली. पण तिथेच दुसरा प्रश्न उभा राहिला. तबल्याचा माइक शेजारीच असल्यामुळे पेटीचा आवाज दोन्ही माइकांत जात होता. दोन अंतरांत ३४ सेंटीमीटरचा फरक असेल तर एका माइकमधला आवाज सुमारे एक मिलिसेकंद मागे पडतो, आणि दोन्ही मिसळले की ५००, १५००, २५०० अशा ठिकाणी ते एकमेकांना खोडतात. अशा जागी स्लायडर कितीही वर चढवा, खोडलेले परत येत नाही. तबल्याचा माइक आणखी जवळ घेऊन आणि पेटीपासून तोंड फिरवून तो प्रश्न सुटला.

तंबोऱ्याबद्दल मी जरा हळवा आहे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की एका तारेतून उपसुरांची जी रांग उठते, ती वरच्या पट्ट्यांत पसरलेली असते. शिट्टीच्या भीतीने चार हजारांच्या वरचे स्लायडर सरसकट खाली ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि एके काळी मीही तेच करत असे. तसे केले की मिरजेच्या कारागिराने घडवलेला तंबोराही डब्यातल्या यंत्रासारखा ऐकू येतो.

गेल्या हिवाळ्यात एका ताईंचे गाणे होते. त्यांची पट्टी पांढरी पाच. साउंड चेकला त्यांनी आकार लावला आणि तार षड्जाला मॉनिटरमध्ये ती ओळखीची शेपटी रेंगाळली. सूर ओळखायला मला पेटीकडे पाहावे लागले नाही, कारण तो त्यांचाच षड्ज होता, ३९२, म्हणजे ४०० चा स्लायडर. हात खालच्या ओळीतल्या त्या स्लायडरपर्यंत गेलासुद्धा होता. मग तो तिथेच सोडून मी स्टेजवर गेलो आणि पाहिले, तर तबलजींना जागा हवी म्हणून कोणीतरी मॉनिटर हातभर डावीकडे सरकवला होता आणि त्याचे तोंड माइकच्या कुशीकडे झाले होते. तो पुन्हा माइकच्या पाठीमागे आणला आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तोंड ताईंच्या कानाकडे उचलले. मग ताईंना विचारले, "मॉनिटर दोन डेसिबल कमी चालेल का?" त्या म्हणाल्या, "डेसिबल मला कळत नाहीत. तंबोरा थोडा वाढवा, मग माझा आवाज कमी केलात तरी चालेल."

तंबोरा वाढवला, त्यांचा आवाज कमी केला आणि त्यांनी पुन्हा तार षड्ज लावला. शेपटी नव्हती. मी परत मिक्सरपाशी येऊन बसलो तेव्हा ४०० चा स्लायडर शून्यावर होता, आणि रात्री केबल गुंडाळायला घेतल्या तेव्हाही तो तिथेच होता.